राखणीच्या कुत्र्यांची पैदास करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पशुवैद्यकाची पदवी हाती आल्यावर शहरात दवाखाना न थाटता माणदेशात घरच्या मेंढरांबरोबर राहावे आणि राखणीच्या कुत्र्यांची पैदास करावी, हा तुझा विचार मला मनापासून पटला. सुरुवातीला कारवानीची जोडी घ्यावी की तुर्कस्तानातल्या कंगालची, असे तू विचारले आहेस. तूर्त कोणतीच जोडी घेऊ नकोस, असे मी सांगेन. जात निवडण्याआधी काम निवडावे लागते, आणि ज्या कामासाठी कुत्रा हवा ते काम करताना त्याचे आईबाप पाहिल्याखेरीज पिल्लू घेऊ नये. पुढे जे लिहितो आहे ते सगळे या एकाच गोष्टीचा विस्तार आहे.

वाड्यावरच्या, म्हणजे मेंढपाळांच्या तळावरच्या, कुत्र्याने काय करायचे असते हे तू लहानपणापासून पाहत आली आहेस, तरीही ते एकदा कागदावर उतरवून काढ. कामाचे वर्णन मोघम राहिले तर निवडही मोघम होते. दिवसा कळपाबरोबर चालणे, रात्री वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, बाहेर पडून राहणे, लांडग्याची चाहूल लागताच भुंकून माणसाला उठवणे, लांडगा आणि मेंढरे यांच्या मध्ये उभे राहणे आणि तो हटला की परत कळपापाशी येणे, एवढे ते काम आहे. यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड. एक लांडगा कुत्र्यांना लांब खेचतो आणि दुसरा मागून कोकरू उचलतो, हे कोणताही जुना मेंढपाळ तुला सांगेल. म्हणून दूरवर पाठलाग करणारा कुत्रा कितीही शूर दिसला तरी राखणीला उणा ठरतो. लांडगा हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे हेही लक्षात ठेव. त्याला मारणारा कुत्रा आपल्याला नको आहे. त्याला कळपापासून लांब ठेवणारा हवा आहे. नामिबियात चित्त्यांच्या रक्षणासाठी काम करणारी संस्था 1994 पासून शेतकऱ्यांना राखणीचे कुत्रे देत आली आहे, त्यामागेही हाच विचार आहे. शेळ्यामेंढ्या सुरक्षित राहिल्या की शेतकरी चित्त्यावर बंदूक उचलत नाही.

आता कारवानीविषयी. हा आपल्या दख्खनचा कुत्रा आहे आणि मला तो फार प्रिय आहे, पण तो नजरेने सावज हेरून धावण्यासाठी घडलेला आहे. खोल छाती, लांब पाय, हलकी हाडे हे सगळे वेगासाठी आहे आणि त्याचे मनही तसेच आहे. दूर काही हलले की तो सुटतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ससा आणि चिंकारा यांची शिकार बंद झाली, ते योग्यच झाले, पण त्याबरोबर या कुत्र्याचे मूळ कामही संपले आणि त्याची निवड दिसण्यावर होऊ लागली. त्याच रक्ताच्या मुधोळ हाउंडची काही पिल्ले 2016 पासून लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतली गेली. नवे काम शोधून त्याच्या कसोटीवर जुनी जात घासून पाहण्याचा तो प्रयत्न मला आवडला. कारवानीसाठी असे एखादे कायदेशीर काम तुला पुढे सुचले तर अवश्य कर. मेंढरांच्या राखणीसाठी मात्र धावण्याची ओढ हा गुण नसून अडचण आहे.

असे का, हे समजून घेण्यासाठी शिकारी प्राण्याच्या वागण्याची साखळी डोळ्यांपुढे आण. हेरणे, नजर रोखणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग करणे, पकडून चावणे, ठार मारणे. लांडग्यात ती पूर्ण असते. माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी या साखळीतल्या कड्या कमीजास्त केल्या आहेत. ब्रिटनच्या बॉर्डर कॉलीत नजर रोखणे, दबा धरणे आणि पाठलाग या कड्या तीव्र आहेत, चावणे मात्र दाबलेले आहे. म्हणून तो मेंढरांना न दुखावता हाकतो. राखणीच्या कुत्र्यात ही सगळी साखळीच मंद असावी लागते. कोकरू उड्या मारत समोरून गेले तरी त्याच्या अंगात काही हलत नाही. हाकणारा कुत्रा आणि राखणारा कुत्रा हे दोन वेगळे प्राणी आहेत, आणि एकाच पिल्लात दोन्ही मिळतील असे सांगून कोणी विकत असेल तर त्याच्या दारात उभी राहू नकोस.

काम वेगळे असले तरी निवडीची रीत शिकायची तर बॉर्डर कॉलीच्या इतिहासाइतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही. 1893 मध्ये नॉर्थम्बरलँडमध्ये अ‍ॅडम टेलफर यांच्याकडे हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. त्याचा बाप रॉय स्वभावाने मोकळा आणि माणसाळलेला होता, पण त्याच्या नजरेत जोर नव्हता. आई मेग हिच्या नजरेत जोर फार, पण ती बुजरी होती. टेलफर यांनी एकाचे उणे दुसऱ्याच्या अधिकाने भरून काढले आणि जो कुत्रा निपजला त्याचे काम पाहून आसपासच्या मेंढपाळांनी आपल्या माद्या त्याच्याकडे आणल्या. आजच्या बॉर्डर कॉलींचा तो मूळपुरुष मानला जातो. पुढे 1906 मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली. तिने कानांची ठेवण, रंग, उंची यांचे नियम केले नाहीत. मैदानात मेंढरे आणून दाखवणे हीच परीक्षा ठेवली. तिच्या नियमांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा नियम असा की वंशावळ नसलेल्या कुत्र्यालाही कामाच्या कसोटीला उतरल्यावर नोंदवहीत प्रवेश मिळू शकतो. तुझ्या शेजारच्या वाड्यावर एखादी विनानावाची, साधी दिसणारी कुत्री असेल आणि तिच्या राखणीत वर्षानुवर्षे कोकरू गेले नसेल, तर कागदपत्रे असलेल्या कोणत्याही परदेशी पिल्लापेक्षा तुझ्या पैदाशीत तिचा हक्क पहिला आहे.

याच इतिहासात एक इशाराही आहे. 1965 च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जिंकलेल्या विस्टन कॅप या कुत्र्याकडे इतक्या माद्या नेल्या गेल्या की आज काम करणाऱ्या बॉर्डर कॉलींच्या वंशावळींत त्याचे नाव पुन्हा पुन्हा आढळते. उत्तम नर असला तरी सगळ्यांनी एकाच नराकडे धाव घेतली की पुढच्या पिढ्यांत नात्याबाहेरची जोडी सापडणे कठीण होते आणि लपलेले दोष जोडीने वर येतात. सख्ख्या भावाबहिणीच्या किंवा बापलेकीच्या मिलनातून होणाऱ्या पिल्लांत अंतर्गत पैदाशीचे प्रमाण 25 टक्के, सावत्र भावंडांत 12.5 टक्के, चुलत किंवा मावस भावंडांत 6.25 टक्के, हे तू अभ्यासक्रमात शिकली आहेस. आता ते स्वतःच्या वहीत वापर. आणि एकाच वाड्यावर सगळे रक्त साठवू नकोस. चार-पाच मेंढपाळ कुटुंबांत नर आणि माद्या वाटलेल्या असाव्यात.

राखणीच्या कुत्र्यात काय पाहायचे याचे उत्तर कुत्र्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या कॉपिंजर दांपत्याने तीन शब्दांत दिले आहे, आणि माझ्या अनुभवात त्यात भर घालण्यासारखे काही सापडले नाही. लक्ष, विश्वासूपणा आणि संरक्षण. लक्ष म्हणजे कळप हलला की कुत्रा आपणहून हलतो. विश्वासूपणा म्हणजे तो मेंढराला कधीच इजा करत नाही. विणारी मेंढी, ओले कोकरू, खाली पडलेला झार (वार) यांच्याजवळही तो शांत राहतो. संरक्षण म्हणजे अनोळखी काही आले की तो आपला नेहमीचा क्रम मोडून पुढे होतो. लोक बहुधा तिसऱ्या गुणाकडे आधी पाहतात, कारण तो डोळ्यांत भरतो. तू विश्वासूपणा आधी पाहा. विणीच्या हंगामात, अंधारात, माणूस दूर असताना कुत्री कशी वागते हे पाहिल्याशिवाय तिच्याविषयी मत बनवू नकोस. ही जनावरे उशिरा पक्व होतात. दीड-दोन वर्षांच्या आधी त्यांच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून त्या वयाआधी जोडी लावण्याची घाईही नको. सहा महिन्यांपासून सव्वा वर्षापर्यंतचा काळ विशेष जपण्याचा असतो. या वयात चांगले पिल्लूही खेळता खेळता कोकरांमागे धावते आणि लोकर ओढते. ते दिसताच त्याला थांबवावे, एकट्याने कोकरांत सोडू नये, टक्कर देणाऱ्या वयस्क मेंढ्यांत ठेवावे. बहुतेक पिल्ले यातून सुधारतात. जी सुधारत नाहीत त्यांची पुढे पैदास करू नये. नसबंदी करून त्यांना एखाद्या शेतवस्तीवर चांगले घर शोधून द्यावे. ती जबाबदारी पैदास करणाऱ्याचीच असते.

हा कुत्रा शिकवण्यापेक्षा वाढवला जातो. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की त्या काळात ज्यांच्या संगतीत ते असते त्यांना ते आपले मानते. अमेरिकेत बार हार्बर इथे कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांनी ते 60 वर्षांपूर्वी दाखवून दिले आणि मेंढपाळांना ते त्याही आधीपासून ठाऊक होते. म्हणून कुत्री वाड्यावरच व्यावी, पिल्लांचे डोळे उघडल्यानंतरचे दिवस मेंढरांच्या वासात आणि आवाजात जावेत, आणि पुढे ती कोकरांशेजारीच झोपावीत. माणसाचा हातच लागू नये असे काही जण सांगतात ते चूक आहे. ज्या कुत्र्याला पकडून लस टोचता येत नाही, पायातला काटा काढता येत नाही, रस्ता ओलांडताना बांधता येत नाही, तो स्थलांतरी वाड्याच्या कामाचा नाही. हाक मारल्यावर येणे, बांधून घेणे, तोंड उघडून पाहू देणे एवढे त्याला नक्की शिकव, आणि तेही मार न देता. मार खाल्लेला कुत्रा माणसापासून दूर राहायला शिकतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी हाती लागत नाही. पिल्ले आठ आठवड्यांच्या आत विकता येत नाहीत आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, असे 2017 चे नियम सांगतात. ती नोंदणी पहिल्या वेताआधीच कर.

तुझ्या पदवीचा खरा उपयोग आरोग्याच्या बाबतीत आहे, आणि इथे मी तुझ्याकडून सर्वांत जास्त अपेक्षा ठेवतो. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढराचे फुप्फुस, काळीज आणि डोके कुत्र्यापुढे टाकण्याची सवय वाड्यावाड्यांवर आहे. त्यातून एकायनोकॉकस या फीतकृमीचे चक्र चालू राहते आणि शेवटी माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. मेंदूत गाठ होऊन मेंढी गोल गोल फिरत मरते, त्या रोगाचे जंतही कुत्र्याच्याच आतड्यातून येतात. हे अवयव पुरून टाकणे आणि कुत्र्यांना ठरावीक काळाने प्रॅझिक्वांटेल हे जंतांचे औषध देणे, एवढ्याने घरातली माणसे आणि मेंढरे दोन्ही वाचतात. रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी कुत्र्यासाठी आहेत तशाच माळरानावरच्या लांडग्यांसाठीही आहेत, कारण हे रोग कुत्र्यांकडून त्यांच्यात जातात. कुत्री माजावर आली की तिला बांधून ठेव. पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे, आणि तो लांडग्याच्या अस्तित्वालाच धोका आहे. व्यालेल्या कुत्रीला नुसती भाकरी आणि ताक पुरत नाही. तिच्या दुधावर एक पिढी उभी राहायची असते, तेव्हा अंडी, मासळी, डाळ, जे परवडेल ते तिला दे.

कंगालविषयीही मोकळेपणाने लिहितो. तुर्कस्तानात तो उत्तम काम करतो. परंतु 50 किलोच्या आसपास वजनाचे जनावर एप्रिलच्या उन्हात माणमधून चालवणे, त्याला रोज पोटभर मांस घालणे आणि त्याच्या सांध्यांची काळजी घेणे तुमच्या वाड्याला झेपणार नाही. तुमचा गावठी कुत्रा 20-25 किलोंत, थोड्या पाण्यावर आणि तुमच्याच घासातल्या घासावर तेच काम करत आला आहे. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन तुम्ही कोकणाकडे उतराल तेव्हा सह्याद्रीच्या कडेला बिबट्या भेटेल, आणि बिबट्या तर कुत्र्यालाच उचलतो. तिथे कुत्र्याचा आकार कामी येत नाही. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा घालतात, तो गावातल्या लोहाराकडून करून घेता येईल. आणि त्या मुक्कामांत रात्री कुत्रे माणसांच्या जवळ, उजेडात ठेव.

पैशाचा विषय टाळता येणार नाही. जत भागातल्या माडग्याळ मेंढ्यांच्या नाकाच्या बाकावर लाखांच्या बोली लागतात हे तू पाहिले आहेसच. तुझ्या पिल्लांचे नाव झाले की कान, रंग, उंची पाहून जास्त पैसे देणारी माणसे तुझ्याकडेही येतील, आणि त्यांच्या आवडीची पिल्ले निपजवण्याचा मोह होईल. झुंजी लावणारेही येतील. प्राण्यांच्या झुंजी 1960 च्या कायद्याने गुन्हा आहेत, आणि झुंजीत जिंकलेला नर इतर कुत्र्यांशी भांडतो, तो वाड्यावर टिकत नाही. अशा कोणालाही पिल्लू देऊ नकोस. पिल्लू मेंढपाळालाच द्यावे, आणि दोन वर्षांनी त्याचे काम पाहायला येईन, अशी अट घालून द्यावे. नर किंवा मादी चांगली आहे की नाही हे तिच्या पिल्लांच्या कामावरूनच कळते, आणि ती पिल्ले नजरेआड गेली तर तुझी वही तिथेच थांबते.

त्या वहीपासूनच सुरुवात कर. या हंगामात घरच्या आणि ओळखीच्या वाड्यांवरच्या प्रत्येक प्रौढ कुत्र्याची एकेक पान नोंद ठेव. आईबाप माहीत असतील तर ते, वय, लांडगा आला त्या रात्री त्याने काय केले, विणीच्या वेळी तो कुठे होता, किती लांब पाठलाग केला आणि परत केव्हा आला, कोणते आजार झाले, हे सगळे लिही. घरातल्या बायकांना आवर्जून विचार, कारण तळावर कुत्र्यांना खायला त्याच घालतात आणि कोणते जनावर खोडकर आहे ते त्यांनाच आधी कळते. पावसाळ्याआधी तुम्ही कोकणातून परत आलात की ती वही घेऊन ये. त्यातून दोन किंवा तीन माद्या आपण निवडू, आणि त्यांच्यासाठी नर कोणत्या वाड्यावरून आणायचा ते तेव्हाच ठरवू.

तुझा हितचिंतक