४५ एचपी ट्रॅक्टर आणि २० गाई आहेत, शेणखत पसरायला कोणतं स्प्रेडर घ्यावं आणि सांभाळायचं कसं?

मागून खत फेकणारं, तळाला खत मागे सरकवणारी चेन आणि मागे बीटर (खत फोडून फेकणारे फिरते दातेरी रोल) असलेलं दोन-तीन टनाचं स्प्रेडर घ्या, मोठ्याचा मोह नको, कारण मऊ रानात भरलेली गाडी ओढताना ट्रॅक्टरही दमतो आणि जमीनही दाबली जाते. आमच्या गोठ्यावर असंच आहे म्हणून सांगतो, घेताना तळाचा पत्रा, चेन आणि बेअरिंग नीट बघा, रंगाला भुलू नका. शेणातला ओलावा पत्रा खातो, त्यामुळे काम झालं की त्याच दिवशी धुवायचं, सुकलं की चेनला ऑइल आणि बेअरिंगला ग्रीस, दोन्ही बाजूंच्या चेनचा ताण सारखा ठेवायचा नाहीतर चेनवरच्या आडव्या पट्ट्या तिरक्या होऊन अडकतात. शिअर बोल्ट (जास्त ताण आला की मुद्दाम आधी तुटणारा बोल्ट) तुटला तर कंपनीने सांगितलेलाच टाका, कडक बोल्ट टाकला तर गिअरबॉक्स जातो. दगड, दावी, प्लास्टिक भरतानाच काढा, आणि बीटरमध्ये काही गुंडाळलं तर नुसता पीटीओ (ट्रॅक्टरमागचा, अवजार फिरवणारा शाफ्ट) बंद करून हात घालू नका, ट्रॅक्टर बंद करून चावी काढून खिशात ठेवा, हे घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. फक्त हे कुजलेल्या भुसभुशीत खतासाठीच, पातळ शेण-मूत असेल तर स्लरी टँकरच लागेल.