नुसता आवाज बसलेला नसतो

प्रिय डॉक्टर,

सिझर करताना बीजकोशावर लिंबाएवढी भरीव, तपकिरी गाठ दिसली आणि तरी तू हात आवरलास, हे बरं केलंस. अशी गाठ पुष्कळदा ल्युटिओमा निघते. १९६३ मध्ये पॅथॉलॉजिस्ट स्टर्नबर्ग यांनी तिचं वर्णन केलं. तो खरा ट्यूमर नव्हेच, गरोदरपणातल्या हार्मोन्सनी फोफावलेल्या पेशी. बाळंतपणानंतर आपोआप विरते. शंका असेल तर तुकडा पॅथॉलॉजीला पाठवावा. त्यापायी अख्खा बीजकोश काढलेल्या बायका मी पाहिल्यात.

आता माझी चूक ऐक. रेसिडेन्सीत असताना सातव्या महिन्यातली एक बाई ओपीडीत हसत म्हणाली, "मॅडम, फोनवर हॅलो म्हटलं की नणंद मला 'दादा' म्हणते." मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या! हनुवटीवर ताज्या थ्रेडिंगची लाली होती, तीही मला दिसली नाही. मुलगी झाली, तिचं क्लिटोरिस (शिश्निका) एवढं मोठं की लेबर रूममध्ये कुणी बोलेना.

ल्युटिओमा असलेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही, कारण सगळ्याच गाठी पुरुषी हार्मोन्स पाझरत नाहीत. पाझरली तरी वारेतलं अ‍ॅरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन करून टाकतं, म्हणून पुष्कळ मुली सुटतात. पण आईला दाढी-मिशा फुटण्याइतका मारा असेल तर हा पहारा अनेकदा अपुरा पडतो. तो मारा पहिल्या तिमाहीत झाला तर मुलीच्या योनीचे बाहेरचे ओठ जुळूही शकतात. नंतर झाला तर सहसा क्लिटोरिसच वाढतं. मुलीचं गर्भाशय आणि बीजकोश मात्र शाबूत असतात, हे आईला पहिल्याच दिवशी सांग.

दाराशी नातेवाईक "काय झालं?" विचारतीलच. घाईने "मुलगा" म्हणू नकोस, "तपासण्या चालू आहेत" एवढंच सांग. आईची गाठ दिसली म्हणून बाळाच्या तपासण्या टाळायच्या नाहीत. कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी), १७-ओएच प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन, सोडियम, पोटॅशियम हवंच. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात दोष निसटला तर दुसऱ्या आठवड्यात मीठ घटून बाळ जिवानिशी जाऊ शकतं.

तुझ्या पेशंटला सहा आठवड्यांनी सोनोग्राफी आणि टेस्टोस्टेरॉनसाठी बोलाव. माझी ती बाई लसीकरणाला आली तेव्हा गाठ विरली होती, केसही कमी झाले होते. आवाज तेवढा तसाच राहिला. पोर मात्र त्याच घोगऱ्या अंगाईला गाढ झोपली होती.

तुझी,
मॅडम