दुकानाचं सर्टिफिकेट पुरेल का?

प्रश्न: मुलीचा साखरपुडा ठरलाय, तिला हिऱ्याची अंगठी घ्यायचीय, साधारण अर्ध्या कॅरेटचा एकच खडा. आमचे सराफ सासूबाईंच्या वेळेपासूनचे, त्यांच्या सात खड्यांच्या कुड्याही तिथल्याच. ते दुकानाचं स्वतःचं सर्टिफिकेट देतात, त्यावर 'ईएफ, व्हीव्हीएस' आणि लाइफटाइम बायबॅक, म्हणजे कधीही परत विकत घेऊ, असं लिहिलेलं असतं. पण होणाऱ्या जावयांचे भाऊ म्हणाले, बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट नसेल तर घेऊच नका. इतक्या वर्षांच्या माणसाला हे विचारायचं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं हो. शिवाय मागच्या दिवाळीत मोठ्या सुनेला घेतलेली अंगठीही दुकानाच्याच सर्टिफिकेटवर आहे, तिचं काय करायचं?
एक वाचक, नाशिक

उत्तर: अर्ध्या कॅरेटचा एकच खडा असेल तर दुकानाचं सर्टिफिकेट पुरेसं नाही, लॅबचा रिपोर्ट घ्याच. आणि यात सराफांवर अविश्वास कुठेच येत नाही ताई, कारण तो हिरा त्यांनी काही खाणीतून काढलेला नाही, त्यांनीही सुरतच्या नाहीतर मुंबईतल्या बीकेसीच्या कुठल्यातरी व्यापाऱ्याकडून घेतलाय आणि त्याने जे सांगितलं तेच ते तुम्हाला सांगतायत. तो व्यापारी चुकला किंवा त्याने फसवलं तर तुमचे सराफही तुमच्यासारखेच फसलेले असणार.

हे उगाच घाबरवायला सांगत नाहीये. २०१२ च्या मे महिन्यात आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या अँटवर्पच्या (बेल्जियम) लॅबमध्ये सहाशेहून जास्त हिरे नैसर्गिक म्हणून तपासायला आले आणि ते सगळे सीव्हीडी, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले निघाले, वजनं साधारण ०.३० ते ०.७० कॅरेट, म्हणजे बरोब्बर तुमच्या अंगठीच्या मापाची. डोळ्यांनी किंवा लूपने, म्हणजे सराफाच्या छोट्या भिंगाने, हा फरक कळत नाही, पन्नास वर्षं धंद्यात असलेल्या माणसालाही नाही. दुकानात जो पेनसारखा डायमंड टेस्टर असतो तो फक्त उष्णता किती पटकन वाहते ते बघतो, आणि लॅबग्रोन हाही कार्बनचाच खरा हिरा असल्यामुळे टेस्टर त्यालाही 'डायमंड'च म्हणतो. त्यासाठी लॅबमधली मशीनच लागतात. लॅबग्रोन घेण्यात वाईट काहीच नाही, पण तो नैसर्गिकपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो, मग पैसे नैसर्गिकचे देताना खात्री नको का?

दुसरी गोष्ट ग्रेडची. रंगाची पट्टी डी पासून झेड पर्यंत असते, डी म्हणजे अगदी बिनरंगी. ही पट्टी जीआयए या अमेरिकन संस्थेची, १९५३ पासूनची. लॅबमध्ये हिरा सुटा ठेवून ठरलेल्या नमुन्याच्या खड्यांशेजारी बघतात, शुद्धता, म्हणजे आत किती डाग आहेत ते, दहापट भिंगातून बघतात (व्हीव्हीएस म्हणजे डाग अगदी बारीक, त्याखाली व्हीएस, मग एसआय), एकाहून जास्त माणसं बघतात, आणि जीआयएत तर खडा कोणाचा आहे हे बघणाऱ्याला माहीतच नसतं. दुकानात काय होतं? जो ग्रेड देतो तोच त्या ग्रेडवर भाव लावतो. एफ आणि एच मधला फरक अंगठीत बसवल्यावर तुम्हाला मला दिसणार नाही, पण किमतीत तो चांगलाच दिसतो. आणि सुट्या खड्याला लॅब एकच अक्षर देते, 'ई' किंवा 'एफ', व्हीव्हीएस असेल तर वन का टू तेही लिहिते. 'ईएफ, व्हीव्हीएस' असं मोघम लिहिणं बारीक खड्यांच्या दागिन्याला ठीक आहे, तिथे बरेच खडे मिळून एक रेंज सांगतात, पण एकाच सॉलिटेअरला असं का लिहायचं?

वजनाचंही तेच. ०.४८ चा खडा आणि ०.५० चा खडा बघायला सारखाच, पण अर्ध्याचा आकडा गाठला की प्रत्येक कॅरेटमागचा भावच वर सरकतो, म्हणून 'साधारण अर्धा कॅरेट' असं तोंडी ऐकून येऊ नका, दोन दशांशांपर्यंत वजन लिहून घ्या. (एक सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग; कोणी 'टोटल ५० सेंट' म्हणालं तर एक खडा का दहा हे आधी विचारा, पाच सेंटचे दहा खडे आणि पन्नास सेंटचा एक यांच्या किमतीत जमीन अस्मानाचा फरक असतो.)

बायबॅकचं मला मनापासून सांगायचंय, कारण आमच्या घरात हे घडलंय. माझ्या मावशीची अंगठी दुसऱ्या शहरातल्या एका दुकानातली, सर्टिफिकेट दुकानाचंच, व्हीव्हीएस. ते दुकान पुढे बंद झालं. काकांच्या ऑपरेशनच्या वेळी पैसे लागले म्हणून ती पुण्यात तीन ठिकाणी घेऊन गेली, तर तिघांनीही सर्टिफिकेट बाजूला ठेवलं आणि व्हीएस पकडून नाहीतर एसआय पकडून आपापला भाव सांगितला. कोण बरोबर हे ठरवायला मध्ये कोणीच नव्हतं, शेवटी मिळेल त्या भावात द्यावी लागली. दुकानाचं सर्टिफिकेट हे त्या दुकानाने दिलेलं वचन असतं, दुकानाबाहेर ते कोणी मानत नाही. म्हणून बायबॅक बिलावरच लिहून घ्या, किती टक्के, आजच्या भावावर का खरेदीच्या, रोख का फक्त एक्सचेंज.

आता लॅब कुठली? जीआयए आणि आयजीआय दोघांच्याही लॅब मुंबईत आहेत. लॅब म्हटलं की सगळ्या सारख्याच असंही नाही बरं का, काही ठिकाणी ग्रेड सढळ हाताने देतात. २०१४ मध्ये रॅपनेट या हिऱ्यांच्या मोठ्या ऑनलाइन बाजाराने ईजीएल नावाच्या लॅबचे रिपोर्ट लिस्ट करणंच बंद केलं होतं. रिपोर्टवर किंमत नसते, ती भावाची हमी नाही, तो फक्त खडा काय आहे एवढंच सांगतो.

खडा सुटा असतानाच निवडा, कोंदणात बसवायच्या आधी. रिपोर्टचा नंबर दुकानातच लॅबच्या वेबसाइटवर टाका, मग वजन आणि मिलिमीटरमधली मापं जुळतात का बघा. बऱ्याच खड्यांच्या कडेवर तो नंबर लेझरने कोरलेला असतो, तो लूपमधून दाखवा म्हणा, सराफ आनंदाने दाखवतील. नुसत्या नंबरवर जाऊ नका, खऱ्या रिपोर्टचा नंबर भलत्याच खड्यावर कोरलेला असे प्रकारही लॅबना सापडलेत, म्हणून मापं जुळवायचीच. सोन्याच्या हॉलमार्कचा एचयूआयडी नंबर वेगळा, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो, पण तो फक्त सोन्याबद्दल सांगतो, हॉलमार्क आहे म्हणजे हिराही तपासलेला आहे असा गैरसमज खूप जणांचा असतो. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचे कॅरेट, घडणावळ आणि जीएसटी वेगवेगळं हवं. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, खड्याचं वजन सोन्याच्या भावात धरलेलं नाही ना तेही बघा.

कुड्यांसारख्या किंवा मंगळसूत्राच्या पेंडंटमधल्या एक दोन सेंटच्या बारीक खड्यांना मात्र प्रत्येकी रिपोर्ट काढण्यात अर्थ नाही. फार तर आयजीआयसारख्या लॅबकडून अख्ख्या दागिन्याचा एक रिपोर्ट मिळतो.

सूनबाईंची अंगठीही अशीच तपासून घेता येईल. बसवलेल्या खड्याचं वजन मापांवरून अंदाजाने काढतात आणि रंग शुद्धताही कोंदणातून दिसेल तेवढीच सांगता येते, पण नैसर्गिक का लॅबग्रोन हे कळेल आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. पूर्ण ग्रेडिंग हवं असेल तर खडा काढावा लागेल, ते तुमच्या सराफांकडूनच करून घ्या. समजा बिलावर नैसर्गिक लिहिलंय आणि निघाला लॅबग्रोन, तर आधी त्यांच्याशी बोला, त्यांनाही पुरवठादाराला धरता येईल. नाहीच जमलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. फक्त बिल जपून ठेवा.

आणि संकोचाचं म्हणाल तर एवढंच म्हणा, "काका, मुलीच्या सासरी द्यायचंय, रिपोर्टची फी मी देते, तुम्हीच खडा लॅबला पाठवा." चांगल्या सराफाला यात राग येण्यासारखं काही नाही, उलट व्यापाऱ्याने त्यांना काय दिलंय हे त्यांनाही कळेल.