चांदीपुरा मेंदूज्वर आणि मातीच्या भिंती

प्रश्न : आमचे घर मातीचे असून गोठा भिंतीला लागूनच आहे. पावसाळ्यात चांदीपुरा आजाराची भीती वाटते. सहा वर्षांच्या नातवाला जपानी मेंदूज्वराची लस दिली आहे आणि अंगणात आम्ही पाणी साचू देत नाही. एवढे पुरेसे आहे का?
– एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर : नाही. आपण घेतलेली काळजी डासांविरुद्धची आहे, तर चांदीपुरा विषाणू प्रामुख्याने वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. तिची पैदास साचलेल्या पाण्यात नव्हे, तर भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या शेणामुताने ओलावलेल्या जमिनीत होते. जपानी मेंदूज्वराची लस त्या आजारासाठी आवश्यकच आहे, पण येथे तिचा उपयोग नाही.

१९६५ साली नागपूर परिसरातील चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना हा विषाणू सापडला, परंतु २००३ मध्ये आंध्र प्रदेशात १८३ मुले दगावेपर्यंत त्याकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहिले नव्हते. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये त्याने पुन्हा मुलांचे बळी घेतले, तरीही त्यावर लस किंवा नेमके औषध नाही; हा आजार बहुतांशी खेड्यातल्या गरिबांच्या मुलांना होतो, हे त्याचे एक कारण असावे, असे मला वाटते.

वाळूमाशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते, गुणगुणत नाही, भिंतीच्या कडेने टुणटुण उडत जाते आणि साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते. त्यामुळे मुलाला कीटकनाशक लावलेल्या, बारीक विणीच्या मच्छरदाणीत झोपवावे. जमिनीपासून वरपर्यंत भेगा बुजवून घ्याव्यात, उकिरडा घरापासून दूर न्यावा आणि मगच आरोग्य केंद्राकडे भिंतींवर फवारणीची मागणी करावी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण सणासुदीला आपल्याकडे हौसेने भिंती सारवतात आणि फवारणीनंतर सारवले की औषध मातीखाली झाकले जाते.

एवढे करूनही मुलाला अचानक तीव्र ताप, उलट्या, झटके किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट पाहू नये. या आजारात एक-दोन दिवसांतही मृत्यू ओढवू शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बालरोग अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे, कारण झटके थांबवणे, श्वास चालू ठेवणे आणि मेंदूची सूज आटोक्यात ठेवणे हेच येथे उपचार आहेत. वाटेत झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात पाणी किंवा चमचा घालू नये आणि कांदा अथवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये.