रीबिल्ड, रीटूल आणि उसाचा खोडवा

न्यू जर्सीतल्या एका वाचकाने विचारलंय की तो न्यूयॉर्क रेंजर्स या आइस हॉकी टीमबद्दल मित्रांसाठी मराठीत लिहितो आणि 'रीबिल्ड' अन् 'रीटूल' या दोन शब्दांपाशी दरवेळी अडतो, तर दोन्हीला 'पुनर्बांधणी' म्हणलं तर चालेल का, आणि चालत नसेल तर रीटूलला काय म्हणायचं.

नाही चालणार. जानेवारी २०२६ मध्ये रेंजर्सचे जनरल मॅनेजर क्रिस ड्र्युरी यांनी चाहत्यांना पत्र लिहिलं, त्याचा गाभाच हा होता की हे रीबिल्ड नाही, रीटूल आहे. आता दोन्हीला एकच शब्द वापरून बघा, 'ही पुनर्बांधणी नाही, पुनर्बांधणी आहे'. वाक्यच मरतं. टीम हरायला लागली की तिथले चाहते, पत्रकार, मालक सगळे ज्या एका गोष्टीवर भांडतात ती गोष्ट या दोन शब्दांच्या मधल्या फटीत आहे, त्यामुळे ती फट मराठीत उघडी राहिली पाहिजे.

आधी अर्थ. रीबिल्ड म्हणजे चांगले, नावाजलेले, पण वय पुढे गेलेले खेळाडू दुसऱ्या टीमना देऊन टाकायचे, बदल्यात ड्राफ्ट पिक्स (दरवर्षी नव्या पोरांमधून खेळाडू निवडायचे हक्क) आणि कोवळी पोरं घ्यायची, आणि दोन-चार वर्षं तळाला राहायची तयारी ठेवायची. हे करावं लागतं याचं कारण २००५ पासून एनएचएलमध्ये, म्हणजे रेंजर्स खेळतात त्या लीगमध्ये, सॅलरी कॅप आहे, म्हणजे ३२ टीमना पगाराची कमाल मर्यादा एकच, त्यामुळे पैसा आहे म्हणून सगळे स्टार विकत घेतले असं करता येत नाही. स्वस्तात मोठा खेळाडू मिळायचा रस्ता एकच, ड्राफ्ट, कारण १८ वर्षांच्या पोराचा पहिला करार तीन वर्षांचा आणि पगाराला मर्यादा असलेला असतो. आणि ड्राफ्टमध्ये तळाच्या टीमला झुकतं माप मिळतं, पहिली निवड कुणाची ते लॉटरी काढून ठरतं. शेवटचा नंबर आला तर पहिली निवड मिळायची शक्यता २५.५ टक्के, आणि कितीही नशीब फुटकं असलं तरी तिसऱ्याच्या खाली जात नाही.

रीटूल हा शब्द कारखान्यातून आलाय. पिंपरी-चिंचवड किंवा चाकणला काम केलेल्या माणसाला समजवायची गरजच नाही. गाडीचं मॉडेल बदललं की प्रेसवरची डाय बदलते, जिग बदलतात, फिक्श्चर बदलतात, पण शेड तीच, प्रेस तेच, माणसं तीच. म्हणून यातलं 'टूल' म्हणजे पाना-पकड नव्हे, आणि शब्दाला शब्द ठेवून 'पुनर्साधन' किंवा 'पुनर्सज्जता' असलं काही केलंत तर ते सरकारी जीआरमध्ये शोभेल, हॉकीच्या लेखात नाही. रीटूल म्हणजे टीमचा कणा, म्हणजे गोली (गोलरक्षक), पहिला सेंटर (मधला आक्रमक), एखादा मोठा डिफेन्समन, तो तसाच ठेवायचा आणि भोवतीची माणसं बदलायची, तेही पुढच्याच सीझनला परत जिंकायच्या इराद्याने.

तर रीबिल्डला 'पुनर्बांधणी' ठीक आहे, तो ठेवा. क्रीडापानांवर 'संघबांधणी' आधीपासून चालतो, त्याच घरातला शब्द आहे, कुणाला परका वाटणार नाही. अडचण रीटूलची. पहिला शब्द सुचतो तो 'डागडुजी', आणि तो घेऊ नये असं मला वाटतं, कारण पावसाळ्याआधी पत्र्याची भोकं बुजवली ती डागडुजी, त्यात घर पहिल्यापेक्षा चांगलं होत नाही, फक्त गळायचं थांबतं. रीटूल करणाऱ्याचा दावा मोठा असतो. 'खांदेपालट' हा माझा फार आवडता शब्द, पालखी तीच, भोई बदलले, किती नेमकं चित्र आहे! पण वर्तमानपत्रांनी तो पदाधिकारी आणि अधिकाऱ्यांच्या बदल्यांना इतका वापरलाय की 'रेंजर्समध्ये खांदेपालट' वाचलं की कोच हाकलला असं वाटतं. 'फेरबदल' जवळ येतो, मंत्रिमंडळात फेरबदल होतात तेव्हा मुख्यमंत्री तोच राहतो, पण त्यात खाती इकडची तिकडे होतात, माणसं बाहेरून यायलाच पाहिजेत असं नाही.

त्या 'फेर'कडे मात्र नीट बघा. फेरमतदान, फेरमोजणी, फेरतपासणी. फेरमतदानात मतदारयादी तीच असते, फेरमोजणीत मतपत्रिका त्याच असतात. म्हणजे 'फेर' लागला की मूळ वस्तू जागेवर आहे आणि क्रिया परत होतेय असं मराठी कानाला आपोआप कळतं, 'नव्याने' म्हणलं की जुनं गेलं. हा फरक आपल्याला आयता मिळालेला आहे. कारखान्यात असेंब्लीला 'जुळणी' म्हणतातच, म्हणून लेखात लिहायला माझं मत 'फेरजुळणी'ला. 'ही पुनर्बांधणी नाही, फेरजुळणी आहे'. वाक्य उभं राहतं की नाही बघा.

इथवर शब्दकोशाचं झालं. पण खरं सांगू का, मला स्वतःला या दोन शब्दांतला फरक कळला तो माहेरच्या रानात. माझं माहेर वाळव्याकडचं, भाऊ ऊस करतो, आणि मी गेली कित्येक वर्षं टोरंटोजवळ राहते जिथे हिवाळाभर हॉकीशिवाय दुसरा विषय नसतो. एकदा ऊस तुटून गेल्यावर मी रानात त्याच्याबरोबर होते, तो हातात कोयता घेऊन सरीसरीनं वाकून बुडखे जमिनीलगत छाटत चालला होता, पाचट बुडख्यावरनं सरीत ओढत होता, आणि मध्ये मध्ये थांबून जिथे बेट, म्हणजे एका बुडख्यातून फुटलेल्या उसांचा झुपका, मेलंय तिथे रोप लावत होता. मी म्हणलं एवढं छाटतोस ते कशाला, कोंब वरूनही येतीलच की. म्हणाला, अगं वरच्या डोळ्याचा कोंब लेचापेचा येतो, जमिनीखालच्या डोळ्यातनं आला की मगच ऊस होतो.

ते म्हणजे खोडवा ठेवणं. ऊस तोडला तरी मूळ काढायचं नाही, त्याच्यावरच दुसरं पीक घ्यायचं. बेण्याचा, म्हणजे लावायच्या उसाच्या कांड्यांचा, खर्च वाचतो, नांगरट वाचते, पीक लवकर येतं. मेलेल्या बेटांच्या जागी रोप लावायचं, त्याला नांग्या भरणं म्हणतात. आणि खोडक्या, म्हणजे जुने बुडखे, काढून, रान नांगरून, नवीन बेणं लावलं तर ती नवी लागण, आडसाली असेल तर सोळा-अठरा महिने वाट बघायची. आता सांगा, रीटूल म्हणजे खोडवा ठेवून नांग्या भरणं आणि रीबिल्ड म्हणजे नवी लागण, याच्याहून नेमकं काय असेल? ड्राफ्टचं पिक म्हणजे बेणं. आणि तरुण पोरं जिथे वाढवतात त्या धाकट्या टीमला इंग्रजीतही फार्म टीमच म्हणतात, रेंजर्सची हार्टफर्डला आहे, त्याला आपला शब्द बेणेमळा.

ही तुलना मला आवडते कारण ती फक्त अर्थ सांगत नाही, निर्णय कसा घ्यायचा तेही सांगते. खोडवा ठेवायचा का हे शेतकरी मनात ठरवत नाही, रानात जाऊन बेटं बघतो. नांग्या किती पडल्यात, मूळ निरोगी आहे का. वॉशिंग्टन कॅपिटल्सचं उदाहरण घ्या. २०१८ ला स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलेली टीम, २०२३ ला प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) चुकला. त्यांनी सीझन संपायच्या आधीच ऑर्लोव्ह आणि हॅथवे हे खेळाडू बोस्टनला दिले, पहिल्या फेरीचं पिक मिळालं, आणि ते पिक जपून न ठेवता पाचच दिवसांत टोरंटोला देऊन २२ वर्षांचा रास्मुस सँडिन घेतला. बघा, बेणं मिळालं पण लावलं नाही, त्याचं तयार रोप घेऊन नांगी भरली. पुढच्या वर्षी कसेबसे प्लेऑफला गेले, तिथे रेंजर्सनीच त्यांना ४-० ने काढलं, मग २०२४ च्या उन्हाळ्यात ड्युबॉइस, चिकरन, गोली लोगन थॉम्पसन असे एकामागून एक आणले, आणि २०२४-२५ ला १११ पॉइंट घेऊन ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगच्या पूर्वेकडच्या गटात, पहिले. त्याच सीझनला, ६ एप्रिल २०२५ ला, त्यांचा कॅप्टन ओव्हेच्किनने ८९५ वा गोल मारून ग्रेट्झकीचा कारकिर्दीतल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला. एवढं सगळं बदललं पण ते मूळ हललं नाही. याला फेरजुळणी म्हणा, बिनधास्त म्हणा.

उलट बाजू बफेलो सेबर्स या टीमची. २०१४-१५ ला त्यांनी टीम इतकी रिकामी केली की त्या ड्राफ्टमधला सगळ्यात मोठा पोरगा कॉनर मॅकडेव्हिड मिळावा म्हणून त्यांचेच चाहते हरायची वाट बघत होते, ॲरिझोनाने त्यांच्याच घरी ओव्हरटाइममध्ये गोल केला तेव्हा स्टँडमध्ये जल्लोष झाला. शेवटचा नंबर आला, लॉटरी मात्र एडमंटनला लागली. बफेलोला आयकेल मिळाला, तोही काही लहान खेळाडू नव्हे, पण २०२१ ला तो व्हेगासला गेला आणि २०२३ ला तिथे कप जिंकला. बफेलो २०११-१२ पासून २०२४-२५ पर्यंत सलग १४ सीझन प्लेऑफविना, एनएचएलचा विक्रम. याला मी पुनर्बांधणी म्हणायला तयार नाही. नांगरलं, लावलं, उगवलं नाही, परत नांगरलं, हे रान पडीक टाकल्यासारखंच झालं. दरवर्षी तिकीट काढून जाणाऱ्या माणसाचं मला खरंच वाईट वाटतं.

आता रेंजर्स. २०१८ च्या फेब्रुवारीत त्यांनी असंच एक पत्र काढलं होतं, तेव्हाचे प्रेसिडेंट ग्लेन सेथर आणि जनरल मॅनेजर जेफ गॉर्टन यांच्या सहीचं, त्यात ओळखीचे चेहरे जातील असं सांगितलं होतं. आणि गेलेच, रिक नॅश गेला, कॅप्टन मॅकडोना आणि जे. टी. मिलर टँपाला गेले. ती खरी नवी लागण होती. मग २०१९ ला दुसऱ्या नंबरचं पिक काको, २०२० ला पहिल्या नंबरचं लाफ्रेनिएर. पण मध्येच, २०१९ च्या जुलैमध्ये, म्हणजे पत्राला दीड वर्षही झालं नव्हतं, त्यांनी पनारिनला सात वर्षांच्या करारावर आणलं. खेळाडू अप्रतिम, वाद नाही. २०२२ ला आणि २०२४ ला कॉन्फरन्स फायनलपर्यंत गेले ते फुकट नाही. पण लाफ्रेनिएर लेफ्ट विंगचा, आणि त्या बाजूला पुढे पनारिन आणि क्रायडर, म्हणजे पॉवर प्लेवर (समोरच्या टीमचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतो तेव्हा) पोराला बर्फावर वेळच मिळायचा नाही. भाऊ म्हणतो नांग्या पहिल्या महिन्यात भरल्या तर भरल्या, नंतर लावलेलं रोप मोठ्या उसाच्या सावलीत पिवळं पडतं. मला प्रत्येक वेळी लाफ्रेनिएर आठवतो. काको तर शेवटी २०२४ ला सिॲटलला गेला.

म्हणून २०२६ चं पत्र वाचताना शब्दावर विश्वास ठेवायचा की व्यवहारावर, हा मला भाषांतराचाच प्रश्न वाटतो. रीटूल हा शब्द तिथे मॅनेजर लोक वापरतात कारण रीबिल्ड म्हणलं की सीझन तिकीटवाला घाबरतो. पत्रानंतर काही आठवड्यांतच पनारिन लॉस एंजेलिसला गेला आणि बदल्यात आलं काय, तर एक तरुण प्रॉस्पेक्ट (अजून तयार व्हायचा होतकरू पोरगा) आणि पिक्स. हे बेणं आहे, रोप नव्हे. पण गोली शेस्टर्किन, डिफेन्सला फॉक्स, सेंटरला झिबानेजाद, आणि २०१८ ला घालवलेला आणि २०२५ ला परत आणून कॅप्टन केलेला मिलर, ही बेटं त्यांनी तेव्हा ठेवली. झिबानेजाद आणि मिलर दोघंही १९९३ चे. माझ्या मते हा खोडवासुद्धा नाही, हा निडवा आहे. खोडव्यावर परत एकदा ठेवलेलं पीक. निडवा चांगला येतच नाही असं नाही, राखणारा असेल तर येतो, पण मला विचाराल तर फॉक्स आणि शेस्टर्किन एवढी दोन बेटं राखून बाकी रान यांनी मोकळं करायला हवं होतं, आणि ते करताना पोरांना पॉवर प्ले द्यायला हवा होता, यावेळी तरी.

तुम्ही लिहिताना एवढं करा. पत्रातला शब्द पत्राच्या नावावर लिहा, 'ड्र्युरी याला फेरजुळणी म्हणतात' असा, आणि स्वतःच्या वाक्यात काय गेलं आणि काय आलं ते बघून शब्द निवडा. पिक्स आले तर पुनर्बांधणी, तेवीस-चोवीसचे तयार खेळाडू आले तर फेरजुळणी. खोडवा, निडवा वापरायचे असतील तर पहिल्यांदा एका वाक्यात समजावून मग वापरा, पुण्या-मुंबईच्या मित्रांना कदाचित माहीत नसेल. आणि 'लागण' एकटा लिहू नका, 'नवी लागण' किंवा सरळ 'नवी लागवड' लिहा, नाहीतर शहरातला वाचक 'रेंजर्समध्ये लागण' वाचून साथ आली असं समजेल. क्रियापदंही ठरलेली आहेत. लागण करतात, नांग्या भरतात, पण खोडवा मात्र ठेवतात किंवा राखतात, 'रेंजर्सनी खोडवा केला' असं आमच्याकडे कुणी म्हणणार नाही.