छोट्या सुतारकामासाठी पुण्यात फुकट किंवा स्वस्त लाकूड कुठे मिळेल?

घरच्या घरी लहान पेट्या, फोटोच्या चौकटी आणि खेळणी बनवण्यासाठी पुण्यात लाकूड फुकट किंवा स्वस्तात कुठे मिळेल, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते ठिकाणाआधी मापाचा विचार करावा. वखारीत चिरलेले सागवान घनफुटाने विकले जाते, आणि सहा इंच लांब, चार इंच रुंद, अर्धा इंच जाड अशा सहा फळ्यांच्या पेटीला अवघे 72 घनइंच, म्हणजे घनफुटाचा चोविसावा भाग लाकूड लागते. तेवढ्यासाठी अखंड फळी घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. दारे-खिडक्या करणाऱ्या सुताराच्या लेखी मात्र हात-दीड हाताचा तुकडा जळणातच जमा असतो.

म्हणून भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये गेल्यावर फळ्यांचा नव्हे, जळणाच्या तुकड्यांचा भाव विचारावा. तो बहुधा वजनावर असतो. ढीग उपसू देण्यास दुकानदार कुरकुरतात, तेव्हा गिऱ्हाइकांची वर्दळ नसताना जावे. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी असतो आणि हाताला किंचित तेलकट लागतो. कडेच्या पांढुरक्या भागाला कीड लवकर धरते. तुकडा आपटल्यावर बारीक छिद्रांतून पिठासारखी भुकटी झडली, तर तो कितीही देखणा असला तरी घरात आणू नये.

प्लायवूड हवे असल्यास फर्निचरचे काम चालू असलेली सदनिका गाठावी आणि मिस्त्रींना विचारून उरलेल्या पट्ट्या घ्याव्यात. राडारोडा हलवण्याचा खर्च त्यांनाही नकोच असतो.

सर्वांत उत्तम माल मात्र पाडलेल्या वाड्यांचा. तुळया आणि कडीपाटाच्या फळ्या अनेक दशके वाळलेल्या असल्याने त्या सहसा पुन्हा पीळ खात नाहीत. मोठे नग जुन्या लाकडाचे व्यापारी उचलतात आणि त्यांची किंमतही तशीच लावतात. तुम्ही तुटक्या चौकटी आणि फळ्यांची टोके मागावीत. रंधा लावण्यापूर्वी प्रत्येक बाजूवरून लोहचुंबक फिरवावे, कारण आत मोडलेला एक खिळा पात्याची धार बिघडवू शकतो. जुन्या तैलरंगाकडेही दुर्लक्ष करू नये. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये, आणि असे लाकूड खेळण्यांसाठी तर वापरूच नये.

चाकण-भोसरीकडील कारखान्यांत आयात मालाबरोबर आलेली पाइनची पॅलेट (माल ठेवण्याचे लाकडी पाट) पडून असतात. ती परस्पर न उचलता भांडार विभागाला विचारावे. त्यांवर गव्हाच्या कणसाच्या चिन्हाशेजारी 'एचटी' ही अक्षरे असतील, तर ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटे तापवलेले असते. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीडनाशक वायूची धुरी, ते मी घेत नाही. तेलाचे किंवा रसायनाचे डाग असलेले पॅलेटही सोडून द्यावे.

वादळात पडलेल्या झाडाच्या फांद्या मोहात पाडतात, पण त्या नेण्यापूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारावे. परवानगी मिळाली, तर ओल्या ओंडक्याच्या दोन्ही टोकांना लगेच मेण किंवा जाड रंग फासून तो सावलीत ठेवावा, नाहीतर टोकांकडून ओल झपाट्याने निघून जाते आणि लाकूड आतपर्यंत तडकते.