स्पीड भरपूर, तरी आवाज का तुटतो?

प्रश्न : सर, माझं १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, स्पीड टेस्ट एकदम मस्त येते, पण नेटवरून कॉल लावला की समोरच्याचा आवाज मधेच रोबोटसारखा होतो, अक्षरं गिळली जातात, आणि कधीकधी आम्ही दोघं एकदमच बोलायला लागतो, मग "तू बोल", "नाही नाही, तू बोल" हेच चालू राहतं. कंपनीवाले म्हणतात स्पीड बरोबर आहे. आता काय करू?

उत्तर : स्पीड बरोबरच असेल हो, त्यांचं खोटं नाहीये, पण तुमच्या दुखण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. आवाजाला लागतं किती? जी.७११ हा जुना कोडेक (आवाजाचा डेटा बनवायची पद्धत) हेडर, म्हणजे प्रत्येक तुकड्यावरचा पत्ता वगैरे, धरून साधारण ८० केबीपीएस, म्हणजे ०.०८ एमबीपीएस खातो आणि आजकालचा ओपस कोडेक तर २०-३० केबीपीएसमध्येसुद्धा छान भागवतो. मुद्दा वेळेचा आहे. ॲप तुमच्या बोलण्याचे बहुतेक वेळा २०-२० मिलीसेकंदांचे तुकडे करतं, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट, आणि यातलं प्रत्येक आपापल्या वेळेला पोचायला हवं. फाईल उतरवताना एखादा तुकडा हरवला तर परत मागवता येतो, घाई नसते. कॉलमध्ये तो परत येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं, म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून आवाज शक्यतो यूडीपीवरून (हरवलेलं परत न मागवणारी पाठवायची पद्धत) जातो, गेलं ते गेलं, आणि उशिरा आलेलं पॅकेटही हरवल्यातच जमा.

तुमच्या तक्रारी खरं तर दोन आहेत. रोबोट होतो तो पॅकेट गळल्यामुळे. एखादं पॅकेट आलं नाही तर ॲप मागच्या आवाजावरून अंदाजाने ती जागा भरतं, आपल्याला कळतही नाही, पण लागोपाठ पाच गेली की १०० मिलीसेकंद गेले, त्यात एखादं अख्खं अक्षर बसतं, आणि अंदाजाने अक्षर कसं बनवणार? एकदम बोलायला लागता ते मात्र उशिरामुळे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे एका दिशेचा उशीर १५० मिलीसेकंदांच्या आत असेल तर सहसा कुणाला जाणवत नाही, ४०० च्या वर जाऊ देऊ नये.

आता गंमत अशी की एक कमी करायला गेलं की दुसरं वाढतं. पॅकेट मागेपुढे येतात (याला जिटर म्हणतात) म्हणून ॲप ती थोडा वेळ जिटर बफरमध्ये थांबवून मग ओळीने वाजवतं. बफर मोठा केला तर गळती कमी पण उशीर जास्त, छोटा केला तर उलटं. बरीच ॲप्स हा बफर चालू कॉलमध्येच लहानमोठा करत असतात. समोरचा माणूस मधेच क्षणभर भरभर बोलल्यासारखा वाटतो ना, तेव्हा बऱ्याचदा साठलेला बफर रिकामा होत असतो.

दोष कुठे आहे ते आधी शोधा. लॅपटॉपवर कमांडच्या दोन खिडक्या उघडा, एकीत राउटरला पिंग लावा (पिंग म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती मिलीसेकंद लागतात ते मोजणं), दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला, आणि कॉल चालू ठेवा. राउटरचाच पिंग उड्या मारत असेल तर वायफायचा घोळ आहे, लॅन केबल लावा, ते जमत नसेल तर राउटरजवळ बसून ५ गिगाहर्ट्झवर या. राउटरचा पिंग शांत आणि बाहेरचा उसळतोय असं असेल तर आधी बघा की घरातलं कुणी काही अपलोड करतंय का. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं, एरवी २० मिलीसेकंद येणारा पिंग फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की ४०० च्या पुढे, आणि पॅकेट एकही हरवत नव्हतं! सगळी राउटरच्या रांगेत फोटोंच्या मागे उभी. याला बफरब्लोट म्हणतात. राउटरमध्ये एसक्यूएमची (ही रांग लांबू न देणारी) सोय असेल तर चालू करा आणि अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. थोडा स्पीड जातो, जाऊ द्या. अशी सोय नसेल तर बॅकअप रात्रीवर ढकला. आणि घर शांत असतानाही बाहेरचा पिंग उसळत असेल तर दोन्ही पिंगचे स्क्रीनशॉट कंपनीला पाठवा, स्पीड टेस्टचा नको.

प्रश्न : पॅकेट हरवतात तर प्रत्येक पॅकेट दोनदा का पाठवत नाहीत?

उत्तर : पाठवतात की, पण जरा हुशारीने. ओपसमध्ये एफईसी (हरवलेलं भरून काढायची सोय) चालू असेल तर पुढच्या पॅकेटमध्ये मागच्याची कमी दर्जाची नक्कल कोंबून देता येते, पण ती वापरायची तर पुढच्या पॅकेटची वाट बघायला हवी, म्हणजे आणखी २० मिलीसेकंद. लागोपाठ दोन गेली तर पहिल्याची नक्कलही दुसऱ्याबरोबर गेली. आणि लाइन तुंबल्यामुळेच पॅकेट गळत असतील तर सगळं डबल पाठवणं म्हणजे आगीत तेल.

प्रश्न : दादा, परदेशातल्या मुलीशी बोलताना नेहमीच थोडा उशीर होतो, तो जाईल का?

उत्तर : पूर्ण नाही जाणार ताई. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०,००० किलोमीटरला ५० मिलीसेकंद नुसते वाटेत, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. पण ब्लूटूथ हेडसेट वापरत असाल तर तो स्वतःचा उशीर वरून घालतो, एकदा वायरवाला लावून बघा, आणि मुलीलाही सांगा, कारण तिच्या बाजूचा उशीर तुमच्याच कानाला लागतो.